आपटलेलं पाकीट

पाकिटाला डिंक लावला आणि त्या वासासरशी मुलुंडच्या कारखान्यातलं आमचं ऑफिस आठवलं. ऐंशीच्या दशकात मी तिथे टायपिस्ट होते. एकदा स्टोअरचा शिंदे स्टॉकचा तक्ता देत नाही म्हणून चिडून मी थेट मॅनेजरसाहेबांना तक्रार लिहिली आणि पाकीट जावक सांभाळणाऱ्या सावंतकाकांच्या टेबलावर आपटलं.

तासाभराने तक्ता माझ्याच ट्रेच्या तळाशी सापडला. शिंदेला आधीच एक मेमो मिळालेला. या तक्रारीने त्याची नोकरीच गेली असती. मी धावत सुटले. "सावंतकाका, माझं पाकीट गेलं?"

काकांनी शांतपणे ड्रॉवर उघडला. "आपटलेलं पाकीट मी जेवणानंतरच पाठवतो गं."

जीव भांड्यात पडला.

आता मुलगी लॅपटॉपची बटणं बडवत ऑफिसला मेल लिहायला लागली, की मी स्वयंपाकघरातून हाक मारते, "आधी जेवून घे."