उकडायचं राहिलेलं सोयाबीन

"मॅडम, तुमच्या बायांचं पीठ वापस घेऊन जा. माह्या घरात तिघं जणं पोट धरून बसले."

वाशीम जिल्ह्यातल्याच मालेगावच्या एका किराणा दुकानदार शेटजींचा फोन. मी बचत गटांचं काम बघणाऱ्या आमच्या वाशीमच्या ऑफिसात होते.

पीठ मेडशीच्या महिला बचत गटाचं होतं. सोयाबीनचा भाव पडला की थोडी पोती घरीच ठेवायची आणि पीठ करून विकायचं, हे ट्रेनिंग मीच त्यांना दिलं होतं. गव्हाच्या कणकेत थोडं मिसळलं की पोळीतलं प्रोटीन वाढतं. अट एकच. कच्चं सोयाबीन पोटाला बाधतं, आणि पोळी भाजताना मिळते तेवढी उष्णता त्याला पुरत नाही. म्हणून आधी चांगलं उकडायचं, कडक वाळवायचं, मगच दळायचं.

दुपारच्या एसटीने मी मेडशी गाठली. गटाच्या खोलीत एक पाकीट फोडून चिमूटभर पीठ जिभेवर ठेवलं. हिरवट, उग्र चव. कच्चंच होतं.

"हे उकडलं नाही का?"

सगळ्यांनी शांताबाईंकडे पाहिलं. उकडायचं काम त्यांचं. म्हातारीच्या डोळ्यांत पाणी आलं. "मॅडम, मी तं उकडून देल्लं होतं."

"काकूले काई म्हणू नका," गटाची अध्यक्ष वर्षा म्हणाली. "म्या केलं हे."

"का पण?"

"आभाळ आलं होतं. काकूनं उकडलेलं वाळूनच नाही राह्यलं. शेटजीची पयली मोठी ऑर्डर. नाही म्हटलं असतं तं पुन्हा इचारलं असतं का त्याईनं? मंग कच्चंच दळून आणलं."

मी बाजूला जाऊन ऑफिसातल्या साहेबांना फोन लावला.

"गटाचं नाव खराब व्हायला नको," ते म्हणाले. "गुपचूप माल बदलून द्या. पुढच्या आठवड्यात वरच्या अधिकाऱ्यांची व्हिजिट आहे."

खोली लहान. साहेबांचा आवाज मोठा. सगळ्यांनी ऐकलं.

"गुपचूप कायले?" वर्षा उठली. "मीच जातो अन् सांगतो."

तिने शेटजींना घडलं तसं सांगितलं. दुकानातली पाकिटं उचलली. विकलेली ज्या घरी गेली होती, तिथेही जाऊन परत आणली. काही दारांत बोलणी खाल्ली. मी सोबत होते, पण तिने मला मध्ये पडू दिलं नाही.

ऊन पडल्यावर नवं पीठ तयार झालं. शेटजी त्याला हात लावेनात.

"भरोसा कसा ठेवू, बाई?"

"तुमच्याच घरी पोळ्या करतो. पयले मी खातो."

शेटजींच्या पत्नीने तिला स्वयंपाकघरात नेलं. वर्षाने ओट्याशी उभ्यानेच दोन पोळ्या खाल्ल्या. मग त्या बाईंनी एक घेतली. शेटजींनी मात्र घेतली नाही.

दुसऱ्या दिवशी त्यांचा फोन आला. "पाठवा. पण आधीच्या निम्मंच."

वर्षाला तेवढंही पुष्कळ वाटलं.

आता माझ्या ट्रेनिंगमध्ये एक तास वाढलाय. उकडणं, वाळवणं, दळणं बाया पटकन शिकतात. "शेटजी, या आठवड्यात माल नाही," एवढं म्हणायला शिकवण्यातच जास्त वेळ जातो.