चिंचेनं घासलेली दुनळी

ती घटना आजही आठवते, आणि आठवली की हसू येतं. नोकरीच्या शेवटच्या वर्षांत मी हिंगोली जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या ठाण्याचा प्रभारी होतो. दसरा नुकताच झाला होता, निवडणुकीची आचारसंहिता लागली होती, आणि परवानाधारक आपापल्या बंदुका ठाण्यात जमा करायला येत होते. बहुतेक परवाने पीकसंरक्षणाचे. सोयाबीन-तुरीत रानडुकरं घुसली की हवेत बार काढायचा, एवढंच त्या बंदुकांचं काम. कुणी पोत्यात गुंडाळून आणी, कुणी जुन्या लुगड्यात.

त्यातच एक खबर आली. खबर देणारा दसऱ्याचं सोनं द्यायला गावातल्या एका म्हाताऱ्याच्या घरी गेला होता.

"साहेब, म्हाताऱ्यानं बापाची बंदूक इकली. पूजेत दुसरीच मांडली व्हती. पांढरीफेक, नवी कोरी. म्या सोताच्या डोळ्यानं पाह्यली."

या दोघांचा बांधावरून वाद आहे, हे जमादारांनी मला लगेच सांगितलं. पण वैरी खोटंच बोलतो असं थोडंच आहे? माझ्या नोकरीतल्या निम्म्या खऱ्या खबरा वैऱ्यांनीच आणून दिल्या.

दोन दिवसांनी म्हातारा स्वतःच बंदूक जमा करायला आला. सत्तरी ओलांडलेला, धोतर, टोपी, डोळ्यावर ऑपरेशनचा काळा चष्मा. त्यानं पोतं सोडलं आणि जमादारांनी परवाना उघडला. परवान्यावर लिहिलं होतं, वडिलोपार्जित शिकारीची दुनळी, नळ्या काळ्या. टेबलावर मात्र स्टीलच्या ताटासारखी लखलखीत बंदूक. लाकूडही लालसर, तुकतुकीत. आणि चापाजवळच्या नंबरातले शेवटचे आकडे पार घासून गेलेले! नुसती बंदूक चकचकीत असती तर मी कौतुक केलं असतं. पण नंबर घासलेला म्हणजे शस्त्र कायद्याखाली गुन्हा, परवाना रद्द आणि बाबांना अटक.

"बाबा, ही तुमचीच बंदूक?"

"व्हय."

"मग नंबर कोणी घासला?"

म्हाताऱ्यानं नजर भिंतीकडे वळवली. चहा मागवला. तो त्यानं सावकाश पिऊन संपवला. जमादारांनी आवाज चढवून पाहिला, तरी म्हातारा भिंतीकडे बघत बसून राहिला. शेवटी मी म्हणालो, "ठीक आहे. तुम्ही सांगत नसाल तर तुमच्या घरी येऊन घरच्यांना विचारावं लागेल."

त्याबरोबर म्हातारा ताठ झाला. "घरी काहून? लिहा तुमी. म्याच बदलली. बापाची इकून टाकली."

जमादारांनी पेन काढलंसुद्धा. मी थांबवलं. माणूस कबूल होतो तो पुरावा समोर आल्यावर. घरच्यांचं नाव निघताच कबूल होणारा माणूस बहुतेक दुसऱ्याचं ओझं उचलत असतो.

"कुणाला विकली?"

"हिंगोलीच्या मोंढ्यात. एका माणसाला."

"दिसायला कसा होता?"

"मला बराबर दिसलं न्हाई. डोळ्याला पट्टी व्हती."

"म्हणजे डोळ्याचं ऑपरेशन झालं, आणि पट्टी बांधून तुम्ही भर बाजारात बंदूक विकायला गेलात?"

म्हातारा वैतागला. "साहेब, तुमाला कबुली पाह्यजे का न्हाई?"

असा आरोपी मी आयुष्यात एकच पाहिला.

एवढ्यात दारात एक म्हातारी येऊन उभी राहिली. नऊवारी लुगडं, हातात औषधाची इवलीशी बाटली. ही त्याची बायको. डोळ्यात औषध घालायची वेळ टळली आणि नवरा परतला नाही, म्हणून जीप धरून ठाण्यात आली होती. कुणाची परवानगी न विचारता तिनं त्याचा चष्मा काढला, अंगठ्यानं पापणी उचलली, थेंब सोडला आणि "मिटा" म्हणाली. मघापासून आम्हाला दाद न देणाऱ्या माणसानं मुकाट्यानं डोळे मिटले.

मग तिनं ठाण्यावर नजर फिरवली. तासाचे टोल द्यायची पितळी घंटा दाराशी टांगलेली होती, वर्षानुवर्षं हात न लागलेली. ती बघून म्हातारीनं तोंड वाकडं केलं.

"ही घंटी काहून अशी काळीठिक्कर पडू देली रे बापू? चिंच न्हाई भेटत का तुमच्या इथं?"

ठाणे अंमलदार हसले. मी मात्र घंटेकडून टेबलावरच्या बंदुकीकडे पाहिलं.

"मावशी, बंदूकही चिंचेनंच घासली का?"

"तिला काही इचारू नका!" म्हातारा डोळे मिटूनच ओरडला. सकाळपासून पहिल्यांदाच त्याचा आवाज चढला होता.

"काहून नको? चोरी केली का म्या?" म्हातारी माझ्याकडे वळली. "व्हय, म्याच घासली. दरसाल खंडेनवमीला हे पुसून तेल देत. यंदा दवाखान्यात पडले. गंजकी बंदूक देवापुढं मांडावी का? चिंच लावली, राख लावली. डाग जाईना तवा काचपेपर फिरवला. लाकूड काचंच्या तुकड्यानं तासलं अन् जवसाचं तेल पाजलं. यायच्या डोळ्याची पट्टी सुटल्यावर पह्यली बंदूकच दाखवली. हे म्हणले, लई झाक झाली."

मी म्हाताऱ्याकडे पाहिलं. नळ्यांचा काळा मुलामा चिंचेनं खाल्ला, नंबर काचपेपरनं गेला, हे त्याला तेव्हाच कळलं होतं. करायला गेली गणपती आणि झाला मारुती. तरी हा म्हणाला, लई झाक झाली. मग त्यानं सांगितलं, मागं कुण्या जमादारानं त्याला दम दिला होता की परवान्यावर नाव नसलेल्यानं बंदुकीला हात लावला तर सरळ जेल. तो दम त्यानं मनात धरून ठेवला होता. ती आत जाण्यापेक्षा आपण गेलेलं बरं, असं त्यानं ठरवून टाकलं होतं.

पण गोष्ट खरी वाटली म्हणून पोलिसाला भागत नाही. बंदूक तीच, याला आधार हवा होता. म्हातारीनंच तो दिला. "नळीखालचं समोरचं लाकूड काही केल्या निघालं न्हाई, साहेब. तेवढी घाण तशीच राह्यली. माझ्या मनाला लागून राह्यलं ते."

त्या लाकडाआड नळीवर तोच नंबर पुन्हा ठोकलेला असतो. बंदूक बदलल्याची कबुली मिळाल्यावर तिथं बघायचं कुणाला सुचलंच नव्हतं. मी मुख्यालयातल्या शस्त्र कारागिराला बोलावून पंचांसमोर लाकूड उघडलं. आत जुना काळा रंग जसाच्या तसा, आणि नंबर स्पष्ट. परवान्याशी आकडा न आकडा जुळला.

मी तसा अहवाल पाठवला. गुन्हा दाखल झाला नाही, परवाना राहिला आणि नंबर रीतसर परवानगीनं पुन्हा कोरला गेला. बंदूक कुलपात ठेवायची आणि तिला हात फक्त परवानाधारकानं लावायचा, अशी लेखी ताकीद मात्र दिली. ती ऐकताना म्हातारी हिरमुसली, त्याचं मला वाईट वाटलं. पण कायदा तोच आहे.

खोटं पकडायला मला खात्यानं शिकवलं होतं. ते कुणासाठी बोललं जातंय, हे विचारायला या म्हाताऱ्यानं शिकवलं. त्यानंतर चटकन मिळालेल्या प्रत्येक कबुलीपाशी मी थांबलो, आणि दोन वेळा तरी निरपराध माणूस त्यामुळे सुटला.

निवडणूक संपल्यावर दोघं बंदूक न्यायला आले. ती बाहेर पाणी प्यायला गेली तेव्हा मी म्हाताऱ्याला म्हणालो, "बाबा, परवाना असलेल्या कारागिराकडे दिली तर नळ्या पुन्हा पहिल्यासारख्या काळ्या करून मिळतात. अशी पांढरी ठेवली तर रोज तेल द्यावं लागेल, नाहीतर आठ दिवसांत गंजेल."

त्यानं दाराकडे पाहून घेतलं आणि आवाज खाली आणला.

"देईन की रोज तेल. काळी न्हाई करायची, साहेब. तिनं लई मनापासून घासलीय."