अनवरीचा खलिया आणि लाल पडलेला डबा

शहागंजच्या मागच्या गल्लीत अनवरीचं नान खलियाचं, म्हणजे नान रोटी आणि मटणाच्या रश्श्याचं, दुकान आहे. नवरा कमरोद्दीन गेला आणि त्याचा चाळिसावा दिवस होताच ती देगीपुढे, त्या भल्यामोठ्या हंड्यापुढे, उभी राहिली. बाईमाणूस देग लावतंय म्हणून गल्लीत कुजबुज झाली. अनवरीनं ती ऐकली आणि कांदा कापत राहिली. मीठमसाला ती मापून घालत नाही. रश्श्याचा थेंब तळहातावर घेते आणि चाटून बघते. बावीस वर्षं त्या जिभेनं तिला दगा दिला नव्हता, आणि त्याचा तिला भलताच तोरा होता.

दुकान अर्धं तिचं, अर्धं धाकटा दीर गयास याचं. पार्सल बांधायचं काम त्याच्याकडे. सासऱ्यांच्या काळात गिऱ्हाईक घरून डेगची घेऊन यायचं. पुढं प्लास्टिकच्या पिशव्या आल्या, पांढरे डबे आले आणि सगळ्यांचीच सोय झाली. अनवरीचीही झाली, खोटं कशाला बोला.

फुलंब्रीचा रामकिसन वाळूजला प्लास्टिकच्या कारखान्यात कामाला. सुट्टीच्या दिवशी सकाळी तो हटकून इथं जेवायचा. एकदा गयासला उकळता रस्सा डब्यात ओतताना बघून तो म्हणाला, "चाची, राग मानू नका. हे प्लास्टिक नरम पडावं, टिकावं म्हणून आमी त्यात काय काय मिसळतो. गरम तेल लागलं की ते सुटतं. किती सुटतं ते मला ठावं नाय, पर सुटतं."

"माझ्या जिभेला नसतं का कळलं?" अनवरी म्हणाली. तिला खरंच राग आला होता.

तरी तिनं पारख केली. एकाच देगीतला रस्सा एका स्टीलच्या डब्यात आणि एका पांढऱ्या डब्यात भरून ठेवला. दुपार कलल्यावर डोळे मिटून दोन्ही चाखले. चवीत तसूभर फरक नव्हता. गयास हसला, "देखा भाभी? काय बी नाय."

मग ती डबे घासायला बसली. स्टीलचा एका हातात स्वच्छ निघाला. पांढऱ्याला तिनं साबण लावला, राख लावली, लिंबू चोळलं, कढत पाणी ओतलं. डबा लालच राहिला. नाकाशी धरला तर खलियाचा वास येत होता. अनवरीनं तो ओला डबा गयासपुढे नेऊन धरला.

"गयास, माझा रस्सा याच्या अंगात शिरला. मंग याच्यातलं माझ्या रश्श्यात आलं नसंल कशावरून?"

"चव तर तीच हाय ना?"

"त्याचीच तर भीती वाटते. खारट झालं, करपलं, नासलं, तर मला कळतं. हे मला कळलंच नाय. जे मला कळत नाय ते लोकांच्या लेकरांना कसं घालू?"

दुसऱ्या दिवशी तिनं पिशव्या-डब्यांचं अख्खं गाठोडं उचलून ठेवलं. गयास तणतणला. "लोकां आता घरून भांडी आणनार? जुम्म्याला गिऱ्हाईक सगळ्यात जास्त. चार जुम्मे देतो भाभी. चौथ्या जुम्म्याला बी देग उरली तर माझी अर्धी जागा मोबाइलवाल्याला. मग लाव तू देग रस्त्यावर."

"चार बस झाले," अनवरी म्हणाली.

बस कुठले व्हायला! पहिल्या शुक्रवारी रिकाम्या हातानं आलेली माणसं चिडून परत गेली. दुसऱ्या शुक्रवारी तिनं घरातली भांडी उसनी दिली. निम्मी परत आलीच नाहीत. तिसऱ्या शुक्रवारी अर्धी देग उरली आणि ती गल्लीत वाटावी लागली. तरी गाठोडं काही तिनं सोडलं नाही.

ती देग झाकत होती तोच पाळी सुटून रामकिसन आला. "काय उरलंय का चाची?" त्यानं विचारलं. अनवरी त्याच्या तोंडाकडे बघतच नव्हती. त्याच्या हातात जेवणाचा डबा होता, स्टीलचा, रिकामा.

"कारखान्याच्या बसमधले सगळेच असे डबे नेतात का रे?"

"व्हय की. सगळेच."

पुढचे पाच दिवस रोज चार वाजता अनवरी बस थांबते त्या चौकात बुरखा सावरत उभी राहिली. उतरणाऱ्या एकेकाला सांगत होती, "जुम्म्याला डबा विसळून आणा, नान खलिया घेऊन घरी जा." कुणी हसलं, कुणी मान हलवली. नान खलिया सकाळचा असतो, दुपारी कोण खातं, म्हणून गयासनं कपाळावर हात मारला. चौथ्या शुक्रवारी तिनं देग चढवलीच दुपारच्या नमाजनंतर.

साडेचारला गल्लीत डब्यांचा खणखणाट झाला. पहिल्या बसची माणसं पांगतात तोच दुसरी आली. गयास वाढून वाढून घामाघूम झाला. संध्याकाळी मगरिबच्या अजानला देगीत जेमतेम दोन पळ्या रस्सा उरला, आणि तेवढ्यात मोटारीतून एक साहेब उतरला.

"जे असेल ते पार्सल द्या."

अनवरीनं गयासकडे बघितलं.

"भांडं लागतं, साहेब," गयास म्हणाला.

"प्लास्टिकच्या डब्यानं काय होतंय?"

गयासनं अनवरीनं तेव्हापासून खिळ्याला टांगून ठेवलेला तो लाल पडलेला डबा काढला आणि साबणाच्या वडीसकट त्याच्यापुढे ठेवला.

"हा एवढा पांढरा करून दाखवा," तो म्हणाला. "मग यातच देतो."