जेवायच्या सुट्टीवर जाणारे राक्षस

माझ्या बाबांनी आयुष्यात एकच व्हिडिओ गेम बनवला. तो इतका भिकार होता, की त्यानंतर कितीतरी महिने आमच्या बदलापूरच्या गल्लीत कुणाची सायकल पंक्चर झाली तरी पोरं म्हणायची, "अपघात झाला, साहेबांना कळवा." ते वाक्य त्या गेममधलं.

बाबा अंबरनाथच्या एका कारखान्यात फिटर होते. मी आठवीत असताना कारखाना बंद पडला. बाबांनी ठाण्याला जाऊन सहा महिन्यांचा कॉम्प्युटरचा कोर्स केला आणि उल्हासनगरहून एक सेकंडहँड कॉम्प्युटर उचलून आणला. कॉम्प्युटर म्हणजे नुसता कीबोर्ड. तो टीव्हीला जोडायचा आणि टेपरेकॉर्डरवर कॅसेट लावून त्यात प्रोग्राम भरायचा. विकणारा सिंधी दुकानदार म्हणाला होता, "साईं, आँख बंद करके ले जाओ." बाबांनी खरंच डोळे मिटून आणला असणार, कारण त्याचं मोठं बटण दाबलं की खालीच अडकायचं.

बाहेरच्या खोलीत क्लास काढला. पाटी लागली, दोन महिने गेले, पण कुत्रंही फिरकलं नाही. शेवटी आईबाबांचं ठरलं, की गणपतीपर्यंत वाट बघायची, नाहीतर बाबांनी गुजरातला एका ओळखीच्या वर्कशॉपमध्ये जायचं. एकट्यांनी. मला ते अजिबात नको होतं. बाबा वर्षातून दोनदा येणारे पाहुणे होणार, या विचारानं मी रोज कॅलेंडरवर गणपतीपर्यंतचे दिवस मोजत होते.

म्हणून मीच डोकं चालवलं. उल्हासनगरला कॅम्प एकमध्ये एक गेम पार्लर होतं. तिथल्या एका गेमवर आमचा अख्खा वर्ग फिदा होता. खाली आपलं यान, वरून राक्षसांच्या झुंडी, आणि दे दणादण गोळ्या. मामाबरोबर जाऊन मीही तो खेळले होते. मी बाबांना म्हटलं, हाच गेम आपल्या कॉम्प्युटरवर बनवा. फुकट दाखवू, मग पोरं रांग लावतील.

बाबांना पटलं. पण पार्लरमध्ये जाऊन गेम बघायला ते काही केल्या तयार होईनात. "उद्या क्लास चालवायचाय मला. मास्तर पार्लरमध्ये दिसला तर लोक काय म्हणतील? तू सांग, मी बनवतो." त्यांच्या लेखी पार्लर आणि मटक्याचा अड्डा शेजारी शेजारी.

मग रोज जेवताना माझी उलटतपासणी. राक्षस किती, रांगा किती, गोळी किती वेळानं सुटते? सगळं आलेखाच्या कागदावर, पट्टी लावून. एकदा त्यांनी विचारलं, "मधे सुट्टी कधी होते?"

"बाबा, युद्ध आहे ते."

"मग काय झालं? युद्धातही शिफ्ट असतेच की."

मी हसले आणि सोडून दिलं. तिथंच माझं चुकलं.

एका रविवारी मी वर्गातली वीसेक पोरं घरी आणली. हुबेहूब पार्लरसारखा आहे, अशी फुशारकी मी आठवडाभर मारली होती. कॅसेट किरकिरली आणि पडद्यावर पहिली ओळ आली, 'टोकन नंबर टाका.' बाबांच्या मते हजेरी लावल्याशिवाय कुणी मशीनला हात लावायचा नसतो. मग राक्षस आले, एकामागून एक, पगाराच्या रांगेत उभे राहिल्यासारखे. पाच गोळ्या झाल्या की 'बंदूक तापली, थांबा.' यान फुटलं की 'अपघात झाला, साहेबांना कळवा.' कहर म्हणजे मधेच भोंगा वाजला, आणि सगळे राक्षस लढाई सोडून रांगेनं पडद्याबाहेर गेले.

"काका, कुठं गेले हे?" एकानं विचारलं.

"जेवायची सुट्टी," बाबा सरळपणे म्हणाले.

पोरं हसून लोळायची बाकी राहिली. करायला गेलो गणपती आणि झाला मारुती. क्लासच्या प्रवेशाचा फॉर्म कुणीच नेला नाही. मला बाबांची लाज वाटली, आणि लाज वाटली म्हणून स्वतःचा संताप आला. तो काढला मात्र त्यांच्यावरच. "पुसून टाका तो गेम," मी ओरडले. ते नुसतं "बरं" म्हणाले. त्या "बरं"नं मला रडू फुटलं.

पोरं अजून दारातच होती, तेवढ्यात गल्लीच्या टोकाला राहणारे बाबांचे कारखान्यातले फोरमन धावत आले. आमच्या दारात चपलांचा ढीग बघून त्यांना वाटलं, कुणीतरी गेलं. सगळे जिवंत बघून त्यांनी घाम पुसला, मग टीव्हीकडे पाहिलं. "हे काय काढलंय?"

बाबा नको नको म्हणत असताना ते बसलेच. एका बोटानं त्यांनी स्वतःचा कारखान्यातला टोकन नंबर टाकला. पाच गोळ्या मारून ते निमूट थांबले, बंदूक निवली तशा पुढच्या पाच मारल्या. भोंगा झाला. त्यांनी दोन्ही हात उचलून मांडीवर ठेवले. राक्षस गेले तरी ते रिकाम्या पडद्याकडे बघत बसले होते.

"आपला भोंगा जरा लांब होता," ते म्हणाले.

"हो. लांब करतो," बाबा म्हणाले.

दुसऱ्या दिवशी फोरमननी कारखान्यातले आणखी चौघे आणले. आठवडाभर ते पाचजण आमच्याकडे पाळीपाळीनं राक्षस मारत होते, आईचा चहा पीत होते, आणि मधेच एखादा विचारायचा, "हे आतून चालतं कसं रे?" बाबा सांगायला लागले, की सगळ्यांच्या माना पुढे.

शनिवारी फोरमननी फॉर्म मागितला. मीच तो काढला आणि भरायला बसले. "वय?"

"चोपन्न." मग ते बाबांकडे वळले. एकोणीस वर्षं ते बाबांना 'ए फिटर' अशीच हाक मारत आले होते. "चालेल ना, सर?"

बाबा सवयीनं ताडकन उभे राहिले. मग पुन्हा खुर्चीत बसले, घसा साफ केला आणि म्हणाले, "चालेल. सोमवारपासून या. पण वेळेवर."