पुढे पावलं होती

शुक्रवारी दुपारी मुलीचा व्हिडिओ कॉल आला, तेव्हा कॅनडात अजून उजाडायचं होतं. ती पायात बूट चढवत होती. मैत्रिणी खाली गाडीत थांबल्या होत्या. डोंगरावर चालत चढायचं आणि मोकळ्या उतारावरून स्कीइंग करत खाली यायचं, असा बेत.

इकडे आखातात, मंगफच्या आमच्या फ्लॅटमध्ये बायको ओट्यापाशी झुबैदी, म्हणजे इथलं पापलेट, साफ करत होती. फोन मी मिठाच्या बरणीला टेकवून ठेवला.

"हिमस्खलनाचा धोका काय सांगतायत?" मी विचारलं.

"आज तीन. पाचातले तीन, बाबा. म्हणजे नापास नाही."

"मस्करी पुरे."

"बरं. खाली जुन्या बर्फाचा थर आहे, साखरेसारखा सुटा. त्याच्यावर या आठवड्यात वाऱ्याने आणून टाकलेला नवीन बर्फ घट्ट बसलाय. पण काल तिथून लोक उतरलेत, त्यांचे ट्रॅक्स आहेत. आणि मी काही मामा नाहीये, सेल्फीसाठी दोरी ओलांडायला!"

बायको हसली. तिच्या भावावरचा हा विनोद आमच्या घरात जुना आहे. मी नेहमी हसतो. त्या दिवशी हसता आलं नाही.

मी तेलक्षेत्रात पंपांची देखभाल करतो. वाळवंटात गाडी घालायची तर आधीच्या चाकांच्या खुणा सोडायच्या नाहीत, हे इथे पहिल्याच दिवशी शिकवतात. आखाती युद्धातले सुरुंग अजून कुठे कुठे निघतात. जिथून एक गाडी सुखरूप गेली, तिथून दुसरी जाते. इतकी वर्षं त्याच हिशोबाने जगलो, आणि तोच हिशोब घेऊन बर्फात गेलो.

काही वर्षांपूर्वी फेब्रुवारीच्या सुट्टीत मी आणि मेहुणा जॉर्जियाला गेलो होतो. इथल्या एका हॉस्पिटलात तो नर्स होता. त्याचा व्हिसा मीच खटपट करून काढला होता, आणि ते तो कधी विसरला नाही. रस्त्याच्या वर बर्फाच्या उताराशी एक दोरी बांधलेली होती, धोक्याचा लाल बोर्ड होता.

"भावजी, बोर्ड आहे," तो म्हणाला.

"अरे, पावलं दिसत नाहीत का? माणसं जाऊन आलीत की."

दोरीखालून आधी मी गेलो. अर्ध्या उतारावर पायाखाली आवाज झाला, जमिनीने दबका उसासा टाकावा तसा. क्षणभर सगळं किंचित खाली बसलं. मला वाटलं, बरं झालं, पक्कं झालं. मी खडकापर्यंत पोचलो आणि त्याला हात केला, ये म्हणून. तो मधोमध असताना वर एक रेघ फुटली आणि अख्खा उतार त्याला घेऊन खाली गेला.

तिथल्या लोकांनी फावड्यांनी उकरून काढलं त्याला. जीव वाचला, पण गुडघा गेला. हॉस्पिटलात त्याच्या स्ट्रेचरशेजारी उभा असताना बायकोचा फोन आला, कसं झालं म्हणून.

"फोटो काढायला गेला दोरीपलीकडे," मी म्हणालो.

त्याने ऐकलं. छताकडे बघत राहिला. पुढे वॉर्डात उभं राहणं जमेना, नोकरी गेली. आता चिपळूणला दुसऱ्याच्या औषधाच्या दुकानात बसतो. बहीण फोनवर अजून रागावते त्याला, आणि तो म्हणतो, "चुकलं गं."

हे सगळं मी त्या दुपारी मुलीला सांगितलं. नीट सांगता आलं असं नाही. सुरुवात "मामाने दोरी ओलांडली नव्हती, मी ओलांडली," एवढ्यानेच झाली. मग बाकीचं येत गेलं. ओट्यावरचा सुरीचा आवाज थांबला होता. मागे वळून बघायची माझी हिंमत झाली नाही.

मुलगी फोनजवळ सरकली. मग म्हणाली, "आवाज आधी आला होता?"

"हो."

"तरी मामाला बोलावलंत?"

"पुढे पावलं होती ना."

"बाबा, पहिले चार जातात आणि पाचव्याच्या पायाखाली उतार सुटतो. हे शिकवतात आम्हाला." मग तिचं तिलाच काहीतरी लक्षात आलं असावं. बूट घालायची थांबली. "आणि मी आत्ता तेच ट्रॅक्स..."

ती उठली. खिडकीशी जाऊन खालच्या मैत्रिणींशी इंग्रजीत बोलली, थोडा वादही झाला. परत आली तेव्हा चेहरा उतरला होता. "झाडीतल्या सपाट वाटेने जातोय. उतारावर नाही. त्या चिडल्यात माझ्यावर." आणि माझ्याकडे न बघता, "आईला फोन द्या."

आईने फोन घेतला नाही. नळाखाली हात धुतले, पुसले, आणि स्वतःचा फोन काढून नंबर लावला. स्पीकरवर टाकून माझ्यापुढे धरला.

"आता त्यालाही सांगा. मी ऐकतेय."

मी हॅलो म्हणालो. "बोला भावजी!" पलीकडून नेहमीचा खुशीतला आवाज. मागे दुकानाचं शटर खडखडलं. "आज शुक्रवार ना, सुट्टी? झुबैदी आणलीत की नाही?"

"आणली," मी म्हणालो. "ऐक. जरा बस कुठेतरी."

"बसलेलोच असतो हो मी," तो हसत म्हणाला.