शिष्यवेतन आणि नववा नियम

नीलांबिका हूगार हिने वयाच्या तेहतिसाव्या वर्षी मुलींच्या शाळेतील कायम नोकरीचा राजीनामा दिला, तेव्हा तिच्या आईने काही दिवस तिच्याशी अबोला धरला, आणि अखेर भाकरी थापता थापता एवढेच विचारले, "पगार सोडून शिकायला निघालीस. तिथं तुला जेवायला कोण घालणार?"

"विद्यापीठ," नीलांबिका म्हणाली.

हे उत्तर त्या वेळी खरे होते.

हूगारांचे घराणे पिढ्यान्‌पिढ्या देवळाला फुले पुरवणारे. देवळाच्या आवारात एक कोरीव शिळा आडवी पडलेली होती आणि तिच्यावर नीलांबिकेचे वडील फुलांची परडी ठेवीत. लहानपणी तिने पुजाऱ्याला विचारले होते, या दगडावर काय लिहिले आहे. पुजारी म्हणाला, "देवाच्या गोष्टी आहेत त्या, तुला काय करायच्यात?" पुढे इतिहास घेऊन एम. ए. झाल्यावर ती शिळा तिने स्वतः वाचली. तीत देवाचा उल्लेख जेमतेम एका ओळीत होता. बाकी सगळा मजकूर, मठात शिकणाऱ्या विद्यार्थ्यांच्या जेवणासाठी कोणी किती जमीन दिली, याविषयी होता. शिकणाऱ्याला पोसण्याची सोय आठशे वर्षांपूर्वी आपल्याच गावात झाली होती, ही गोष्ट तिच्या मनात घर करून राहिली. अशा दानांचे शिलालेख हाच तिने पुढे पीएच. डी.साठी विषय घेतला.

नवलगिरी विद्यापीठाने तिला पूर्णवेळ संशोधक म्हणून घेतले आणि शिष्यवेतन मंजूर केले. कानडी मुलखात विद्यावेतनाला शिष्यवेतन म्हणतात. शब्द गोड आहे. त्याने पुढे काय केले ते यथाक्रम येईल.

शिष्यवेतनाचे नियम कडक होते, आणि नीलांबिका ते पाळणारी होती. शिष्यवेतन घेणाऱ्याने अन्यत्र नोकरी करू नये, म्हणून तिने नोकरी सोडली. तिच्या निरोपाच्या चहाचे पेले विसळून व्हायच्या आत शाळेने तिची जागा भरली. संशोधकाने रोज हजेरीपटावर सही करावी. ती करीत असे. संशोधकाने परवानगीशिवाय मुख्यालय सोडू नये; शिलालेख मुख्यालयात येऊ शकत नाहीत, हे तिने लेखी कळवले होते, आणि त्यावर "नोंद घेतली" असा शेरा मिळाला होता. मुदत दोन वर्षांची. मार्गदर्शकाचा अहवाल समाधानकारक असल्यास तिसरे वर्ष. तिची तीन प्रकरणे लिहून झाली होती, दोन राहिली होती. तिसरे वर्ष मिळाले तर प्रबंध पुरा होणार होता. न मिळाले तर भावाने चुलत मेहुण्याच्या खतांच्या दुकानात तिच्यासाठी गल्ल्यावरची खुर्ची राखून ठेवली होती, आणि ती रिकामी आहे, याची आठवण तो दर अमावास्येला फोन करून देत असे.

दुसरे वर्ष संपत आले असताना विद्यापीठाने राज्यभाषेवरील निष्ठा सिद्ध करण्याचे ठरवले. तोवर नियम इंग्रजीत होते आणि ते कोणी वाचत नसल्यामुळे कोणालाही त्यांचा उपद्रव नव्हता. आता त्यांचे शुद्ध कानडीत रूपांतर करण्यासाठी समिती बसली. समिती बराच काळ बसली. इंग्रजीत पगाराला एक शब्द होता आणि विद्यार्थ्याच्या निर्वाहाच्या रकमेला दुसरा. त्या दोहोंचे एकमेकांशी तोंडदेखलेही नाते नव्हते. समितीने पहिल्याला वेतन केले आणि दुसऱ्याला शिष्यवेतन. नियमावली सुबक छापली गेली, तिचे प्रकाशन झाले, पाहुण्यांना शाली मिळाल्या. पंधरवड्यानंतर नीलांबिकेचा तिसऱ्या वर्षाचा अर्ज परत आला. वर लाल शाईत लिहिले होते: "अर्जदार दोन वर्षे वेतन घेत असल्याचे दिसते. नियम नववा पाहावा. खुलासा करावा."

ती संशोधन विभागाचे अधीक्षक गुरुसिद्दप्पा अक्की यांच्याकडे गेली. अक्की सभ्य गृहस्थ होते. त्यांनी आयुष्यात कोणालाही नाही म्हटलेले नव्हते. ते काम ते नियमांकडून करवून घेत.

"या, नीलव्वा, बसा. पाणी घेणार?"

"पाणी नको, सर. हा आक्षेप कशाचा?"

"आक्षेप माझा नाही हो, नियमाचा आहे. कोणत्याही मार्गाने, कोणत्याही स्वरूपाचं वेतन घेणारी व्यक्ती शिष्यवेतनास पात्र नाही. आता तुम्हीच सांगा, तुम्ही घेता की नाही?"

"काय?"

"वेतन."

"मी शिष्यवेतन घेते."

"तेच म्हणतोय मी."

"सर, ते तुम्हीच देता!"

"देतो म्हणून तर ठाऊक आहे! दुसऱ्या कुणी दिलं असतं तर आम्हाला पत्तासुद्धा लागला नसता."

नीलांबिकेने शाळेत अकरा वर्षे सातवीच्या मुली सांभाळल्या होत्या. तिचा आवाज सहसा चढत नसे. तिने विचारले, "मग मुळात मी पात्र कशी ठरले?"

"तेव्हा तुम्हाला काही मिळत नव्हतं, म्हणून पात्र होता. मिळालं, अपात्र झालात. यात रागावण्यासारखं काय आहे, यव्वा? लग्नाचंच बघा. मुलगी कुमारी असते तोवर लग्नाला पात्र. लग्न झालं की अपात्र. म्हणून कुणी लग्नाला नावं ठेवतं का?"

"पुढे शिष्य लावलंय की, सर."

"शिष्य लावा नाही तर गुरू लावा. वेतन ते वेतन. माझं ऐका, एक क्षमापत्र लिहून द्या. कुलसचिव साहेब दयाळू आहेत. तुमच्या खोलीतल्या नदाफबाईंनी कालच दिलंय."

हसीना नदाफ ही तिच्या वसतिगृहातील सोबतीण. तळ्याकाठच्या बेडकांवर काम करणारी, वयाने पुष्कळ लहान, आणि हिला अक्का म्हणणारी. तिच्याही अर्जावर तीच लाल शाई उमटली होती. नीलांबिका खोलीवर आली तेव्हा ती कागदावर गिरमिट, म्हणजे तिकडचे मसालेदार चुरमुरे, पसरून त्यातल्या मिरच्या वेचून बाजूला काढीत होती.

"क्षमा मागायला आपलं काय जातं, अक्का? दिलं लिहून."

"काय लिहिलंस?"

"अनवधानानं वेतन स्वीकारलं, पुन्हा असं होणार नाही."

"पुन्हा होणार नाही? अगं बये, पुन्हा व्हावं म्हणून तर अर्ज केलायस!"

हसीनाच्या हातातली मिरची हातातच राहिली. मग ती हसत सुटली, आणि हसता हसता म्हणाली, "जाऊ दे ना. एवढं बारकाईनं कोण वाचतंय?"

नवी नियमावली सगळे बारकाईने वाचीत होते, हे तिच्या लक्षात आले नाही. क्षमापत्र म्हणजे कबुली, असा अर्थ काढला गेला आणि आठवड्याभरात तिचे शिष्यवेतन बंद झाले. तिने महिनाभर वाट पाहिली. नंतर राणेबेन्नूरच्या एका खासगी शाळेत विज्ञान शिकवण्याची जागा निघाली तेव्हा ती ट्रंक घेऊन बसस्थानकावर गेली. जाताना म्हणाली, "तू भांड हं, अक्का. तुला येतं."

नीलांबिकेचे मार्गदर्शक प्राध्यापक विरूपाक्ष कट्टीमनी हे विद्वान होते आणि राहुकाळात सही करीत नसत. राहुकाळ संपला की त्यांना व्याख्यान असे, व्याख्यान संपले की विश्रांती. पण ते मनाने चांगले होते. तिचे सर्व ऐकून घेऊन ते म्हणाले, "जुन्या दानलेखात शेवटी शाप असतो. जो हे दान बुडवील तो साठ हजार वर्षं शेणातला किडा होईल. आपल्या लोकांनी सुधारणा केली. शाप नवव्या कलमातच घातला, आणि तो घेणाऱ्याला."

"मी काय करू, सर?"

"निवृत्तिवेतनसुद्धा वेतनच, नाही का? म्हणजे पुढल्या वर्षापासून मीही कशाला तरी अपात्र होणार," असे म्हणून ते विचारात पडले.

पुढे जे सुचले ते नीलांबिकेचे तिलाच सुचले, आणि त्यात विद्वत्तेचा काही भाग नव्हता. अकरा वर्षे तिने खरोखरीचे वेतन घेतले होते. वेतन एकटे येत नाही; मागे वऱ्हाड घेऊन येते, हे तिला अनुभवाने माहीत होते. तिने खुलासा लिहिला. त्यात वाद नव्हता, क्षमा नव्हती. तिने नम्रपणे कळवले की, आपण दोन वर्षे विद्यापीठाचे वेतन घेत आहोत हे विद्यापीठानेच लेखी मान्य केल्याबद्दल ती आभारी आहे. तरी तिची सेवापुस्तिका उघडण्यात यावी, भविष्यनिर्वाह निधीची वर्गणी नेमणुकीच्या दिवसापासून भरण्यात यावी, साठलेल्या अर्जित रजेचा हिशेब द्यावा, आणि दसरा जवळ आल्यामुळे सणाची उचल मंजूर करावी. पोच घेऊन तिने प्रत कामगार आयुक्तांच्या कार्यालयास पाठवली.

दुसऱ्याच दिवशी अक्कींनी तिला बोलावणे धाडले. या वेळी पाण्याबरोबर चहाही होता.

"काय हो हे, नीलव्वा! दसऱ्याची उचल मागता?"

"वेतनदार मागतातच, सर. तुम्ही नाही घेत?"

"माझी गोष्ट वेगळी. मी नोकर आहे."

"मी कोण आहे?"

"तुम्ही शिष्य!"

"शिष्य लावा नाही तर गुरू लावा, वेतन ते वेतन, असं तुम्हीच म्हणालात."

"अहो, बोलण्याच्या ओघात म्हणतो माणूस! ते काय शिलालेख समजून वाचायचं? तुमचं बघून उद्या चारशे शिष्य उचल मागतील. परवा संघटना काढतील. बाळंतपणाची रजा मागतील!"

"मागतील. त्यांच्यात बायका आहेतच की."

अक्कींनी चहा बशीत ओतला, पण प्यायले नाहीत. "तो अर्ज मागे घ्या, यव्वा. मी म्हातारा माणूस. निवृत्तीला दोन वर्षं राहिलीत."

"मागे घेते. शिष्यवेतन हे वेतन नाही, असं लिहून द्या."

ज्या नियमाला दया, विद्वत्ता व सामान्य बुद्धी यांपैकी कशानेही पाझर फुटला नव्हता, तो बाळंतपणाच्या रजेने विरघळला. कायदा सल्लागारांना मोटारीने आणवले गेले. समिती पुन्हा बसली आणि तिने एकमताने आदेश काढला: "शिष्यवेतन हे वेतन नव्हे. सदर शब्दातील 'वेतन' ही अक्षरे केवळ उच्चाराच्या सोयीसाठी आहेत." नीलांबिकेला तिसरे वर्ष मंजूर झाले.

मात्र तिसरे वर्ष हे दुसरे संपल्याच्या तारखेपासून मोजावयाचे असल्यामुळे त्यातले पाच महिने पत्रव्यवहारात आधीच खर्ची पडले होते. त्या पाच महिन्यांतील प्रगती समाधानकारक असल्याचा दाखला मार्गदर्शकाने द्यावयाचा होता. कट्टीमनी लेखणी उघडून बसले.

"या काळात तू काय केलंस म्हणून लिहू?"

"वाट पाहिली, सर."

"तोही संशोधनाचाच भाग आहे," ते म्हणाले आणि त्यांनी सही केली. राहुकाळ नुकताच संपला होता.

आदेशाची प्रत घेताना तिने अक्कींना विचारले, "आता हसीनाचंही पुन्हा सुरू होईल ना, सर?"

"नदाफबाईंचं प्रकरण निकाली निघालं, नीलव्वा. आदेश प्रलंबित प्रकरणांना लागू. तुमचं प्रलंबित होतं."

"तुमच्याच सांगण्यावरून तिनं क्षमा मागितली."

"म्हणून तर लवकर निकाली निघालं," अक्की म्हणाले, आणि त्यांच्या चेहऱ्यावर खरोखरीचे वाईट वाटल्याचा भाव होता. "नव्यानं अर्ज केला तर विचार करता येईल. करू द्या त्यांना अर्ज."

वाचनालयाच्या पायरीवर बसून नीलांबिकेने राणेबेन्नूरला फोन लावला. पलीकडे मधल्या सुट्टीचा गोंगाट होता. तिने आदेश शब्दशः वाचून दाखवला. 'उच्चाराच्या सोयीसाठी' येथे हसीना इतकी हसली की एका मुलीने "टीचर, काय झालं?" असे विचारलेले इकडे ऐकू आले.

"तर तू आजच अर्ज कर," नीलांबिका म्हणाली. "मसुदा मी लिहिते. क्षमा वगैरे एक अक्षर घालायचं नाही."

"कसा करू, अक्का? मला इथं वेतन मिळतं. शिष्याशिवायचं, निव्वळ. नववा नियम आता मला खरोखरच लागू झालाय."

"सोड ती नोकरी."

"तू सोडली होतीस तेव्हा तुला ठाऊक होतं, विद्यापीठ जेवायला घालणार म्हणून. मला काय ठाऊक आहे?"

घंटा झाली. गोंगाट ओसरला.

"ऐक ना," हसीना घाईने म्हणाली, "प्राणिशास्त्र विभागानं कळवलंय, माझी फळी रिकामी करून हवीय. नवीन कुणी आलंय म्हणे. बेडकांच्या बरण्या आहेत. तुला जमलं तर बघ, नाही तर टाकून देतील ते."

त्या दुपारी नीलांबिका हजेरीपटावर सही करून प्राणिशास्त्र विभागात गेली. बरण्या बऱ्याच होत्या. दोन खेपा झाल्या. प्रत्येकीवर हसीनाच्या बारीक अक्षरात तळ्याचे नाव लिहिलेले होते. वसतिगृहात मृत प्राणी ठेवण्याविषयी नियम आहे की नाही, हे तिने कोणालाही विचारले नाही. खोलीतल्या दुसऱ्या खाटेवर तिने त्या ओळीने मांडल्या आणि चौथे प्रकरण लिहायला बसली.