लिब्रादोच्या खड्ड्यातल्या मुंड्या

लिब्रादो आरिस्पेने वकीलसाहेबांच्या निवडणुकीच्या जेवणात धोतरा घातला, अशी कुजबुज आमच्या सांता ओलायात अजून चालते. कुणी म्हणतं, विरोधात उभ्या असलेल्या गोऱ्या मॅकलस्कीने त्याला फितवलं. कुणी म्हणतं, बिया बायकोने कुटून दिल्या. मला गावगप्पांचं वावडं नाही, निम्म्या माझ्याच तोंडून निघतात. पण ही माझी नव्हे. माझी असती तर चवीला बरी असती.

लिब्रादो माझा कंपाद्रे. म्हणजे त्याच्या थोरल्या लेकीचा मी धर्मपिता. कोरियाच्या लढाईत तो सैन्याचा स्वयंपाकी होता, तिथून इंग्रजी आणि अधू गुडघा घेऊन आला. टेक्ससच्या या टोकाला निवडणूक म्हणजे जेवणावळ, आणि जेवणावळ म्हणजे लिब्रादो. खड्डा खणायचा, मेस्कीटच्या लाकडाचे निखारे पाडायचे, ओल्या गोणपाटात गुंडाळलेल्या गाईच्या मुंड्या आत ठेवून वर माती लोटायची. सकाळी गोणपाट उलगडलं की गालाचं मांस बोटांनी सुटून यायचं. डोळ्यांवरून तर आमच्यात सख्ख्या भावांची भांडणं होतात.

रुळांच्या अलीकडे आमची मेक्सिकन लोकांची वस्ती आणि तिच्यामधून उघडं गटार. पावसात ते चुलीपर्यंत यायचं. त्या पाण्याने लिब्रादोची बायको तोमासा दोनदा मरता मरता वाचली. मॅकलस्की वर्षानुवर्षं निवडून यायचा, बिअर पाजायचा आणि गटाराचं नाव काढलं की नाकाला रुमाल लावायचा. त्याचं काय एवढं! तो परकाच. सांगायचंय ते आपल्या माणसाचं.

वकील ओक्तावियो बेनाविदेस आपला. रंग आपला, आडनाव आपलं. मूठ वर करून "आपला समाज, आपलं राज्य!" असं ओरडायचा. एकदा लिब्रादोच्या चुलीपाशी येऊन बसला आणि म्हणाला, "काका, मी निवडून आलो की पहिलं बंद गटार तुमच्या दारात." त्या शब्दावर लिब्रादोने फुकट राबायचं कबूल केलं.

तोमासा म्हणाली, "म्हाताऱ्या, बसायच्या आधी बूट पुसत होता तो."

"पुसू दे की. घाणीची किळस आली तरच ती काढेल ना!"

जेवण वकिलाच्या घरी, रुळांपलीकडे. पुढे हिरवळीवर पांढरी टेबलं: बँकवाले, कापसाच्या गिरणीचे मालक, आणि आपल्यातलेच, पण स्वतःला 'स्पॅनिश' म्हणवणारे. मागे कुंपणाशी, तबेल्याच्या वासात, आमच्यासाठी फळ्या. पुढे छातीचं मऊ मांस, मागे मुंड्या. मॅकलस्कीकडे अगदी असंच असायचं. तरी टाळ्या वाजवून आमचे तळहात लाल झाले होते.

लिब्रादो पुढे पोळ्या ठेवायला गेला, तेव्हा बँकवाला इंग्रजीत विचारत होता, "ओक्तावियो, त्या गटारात खरंच आमचा कर ओतणार का तुम्ही?"

वकील हसला. "छे हो! यांच्यापुढे एक मुंडी टाकली की पुढच्या निवडणुकीपर्यंत गप्प. आणि गटार बुजवलं तरी यांचा वास थोडाच जाणार?" मग लिब्रादोकडे वळून आपल्या भाषेत, मधाळ आवाजात, "काका, आणा, आणा! पाहुणे भुकेलेत."

लिब्रादो मागे आला आणि झाकलेल्या परातींपाशी उभा राहिला. मी म्हटलं, "कंपाद्रे, चेहरा का असा?"

"वास येतोय," तो म्हणाला. "तू जेव."

थोड्या वेळाने पुढून किंकाळी आली. बँकवाल्याची बायको पांढऱ्या टेबलावरच ओकली, तिचं बघून गिरणीवाला, त्याचं बघून ते स्पॅनिश. वकील हात नाचवत ओरडत होता, "विष! विष घातलंय!"

वकील निवडून आला. आमच्याच मतांवर. गटार आजही उघडं आहे. लिब्रादोला पुन्हा कुणी खड्ड्यावर बोलावलं नाही. त्याच्या हातची मुंडी वस्तीसुद्धा खाईना. आमच्या फळ्यांवर जेवलेल्या सगळ्यांना खरं ठाऊक होतं. पण कुणाचा मुलगा रस्त्याच्या कामावर लागला, कुणाच्या भाचीला कचेरीत झाडू मिळाला, आणि तोंडं मिटली. थू! मी सांगत फिरलो, तर म्हणाले, "तुझं काय ऐकायचं? तू बिशपलाही बायको चिकटवशील." वकिलाला विषच सोयीचं होतं. खरं काय झालं ते सांगितलं असतं, तर स्वतःच्या अंगणात दोन पंगती होत्या, हेही सांगावं लागलं असतं.

मांसात धोतरा नव्हता. लिब्रादोने पराती बदलल्या होत्या. छातीचं मांस आम्ही खाल्लं. पांढऱ्या टेबलावर झाकण काढलं तेव्हा आत दात आणि डोळ्यांसकट मुंड्या होत्या.